‘छातीत धडधडतं, पण ईसीजी नॉर्मल’: उद्याच्या फॅमिली डॉक्टरांना मनाचे आजार किती कळतात?

आपल्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या बैठकीत एक संभाषण वारंवार ऐकू येतं. कुणीतरी सांगतं, “छातीत धडधडतं, रात्री दोन-अडीचला जाग येते, मग डोळा लागत नाही.” दुसरं विचारतं, “ईसीजी काढला का?” उत्तर येतं, “काढला की. इको झाला, थायरॉइड झाला, बी-ट्वेल्व्ह झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.”

‘काही झालेलं नाही’ असं ऐकून घरी आलेल्या माणसाला त्या रात्रीही झोप लागत नाही, आणि हाच आजच्या लेखाचा विषय आहे. त्या डॉक्टरांना दोष द्यायला आम्ही हे लिहीत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची मुलं-नातवंडं आज बेळगावात, हुबळीत, कोल्हापुरात, गोव्यात डॉक्टरकी शिकत आहेत. एमबीबीएस, इंटर्नशिप किंवा फॅमिली मेडिसिनचं पुढचं शिक्षण घेणाऱ्या या मुलांना मनाच्या आजारांबद्दल काय शिकवलं जातं, काय राहून जातं आणि पेशंट म्हणून आपण काय करू शकतो, हे समजून घ्यावं एवढाच हेतू.

आधी दार कुणाचं ठोठावतो?

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यानुसार पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता. म्हणजे गणेशोत्सवाला आपल्या सभागृहात ३०० प्रौढ जमले, तर त्यांतले तीसेक जण. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के होतं.

आपल्या देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. शिवाय पेशंट त्यांच्याकडे आधी जातच नाही. तो जातो गल्लीतल्या दवाखान्यात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात १४ देशांतल्या १५ केंद्रांवर साध्या दवाखान्यांत येणाऱ्या पेशंटांची पाहणी केली होती. बंगळूर हे त्यांतलं एक केंद्र होतं. सगळी केंद्रं धरून पाहिलं, तर साधारण चारांतल्या एका पेशंटला निदान करण्याजोगा मानसिक त्रास होता. पण त्यांतले बहुतेक जण ‘मन उदास आहे’ असं सांगत आले नव्हते. ते आले होते डोकेदुखी, पाठदुखी, थकवा, अपचन, धडधड घेऊन.

म्हणून मनाचा आजार वेळेत ओळखला जाईल की नाही, हे बहुतेक वेळा फॅमिली डॉक्टरच्या खुर्चीतच ठरतं.

त्या खुर्चीत बसण्याआधी काय शिकवतात?

जुन्या पद्धतीत मानसोपचार हा विषय एमबीबीएसच्या एका कोपऱ्यात होता. थोडी व्याख्यानं, साधारण दोन आठवडे वॉर्ड, आणि इंटर्नशिपमध्ये तो ऐच्छिक विषयांपैकी एक. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले आपले बहुतेक डॉक्टर या पद्धतीत शिकलेले आहेत.

२०१९ पासून अभ्यासक्रम बदलला. वर्गातले तास साधारण ४० झाले. पेशंटशी कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी, संमती कशी घ्यावी हे शिकवणारा वर्तणूक, नीती आणि संवाद यांवरचा वेगळा भाग आला. इंटर्नशिपच्या २०२१ च्या नियमांत मानसोपचार विभागातले दोन आठवडे सक्तीचे झाले. हा बदल चांगलाच आहे. तरीही या विषयाचा स्वतंत्र पेपर नाही, तो जनरल मेडिसिनच्या पेपरात येतो. ज्या विषयावर एखाद-दुसरा प्रश्न येणार, त्याला परीक्षेच्या तयारीत किती वेळ मिळतो, हे घरात नीटची तयारी पाहिलेल्या कुठल्याही आई-बाबांना सांगायला नको.

पुढे फॅमिली मेडिसिन शिकायचं तर तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम आहे. एमडी फॅमिली मेडिसिनच्या जागा देशात मोजक्याच आहेत. त्यामुळे आपण ज्यांना फॅमिली डॉक्टर म्हणतो, त्यांतले बहुतेक जण एमबीबीएसनंतर, किंवा आपल्या भागात बीएएमएस, बीएचएमएस करून, थेट दवाखाना थाटतात. दवाखान्यात बसल्यावर जे शिकतील ते त्यांचं खरं प्रशिक्षण.

ज्ञान कुठे अडतं?

पुस्तकातली लक्षणं मुलांना पाठ असतात. नैराश्य कधी म्हणायचं, असं विचारलं तर ती सांगतील: निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणाची भावना वगैरे. अडचण पुढे येते. ती साधारण चार ठिकाणी.

पहिली म्हणजे, पेशंट शरीराची तक्रार घेऊन येतो आणि डॉक्टर शरीरातच शोधत राहतो. थायरॉइड, रक्तातलं लोह, साखर तपासणं योग्यच आहे, कारण त्यांच्या बिघाडानेही थकवा आणि उदासी येते. पण तपासण्या चालू असताना मनाबद्दलचे दोन प्रश्नही विचारता येतात: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? मन खिन्न, निराश वाटतंय का? उत्तर ‘हो’ आलं तर पुढची नऊ प्रश्नांची तयार प्रश्नावली आहे. पीएचक्यू-नाइन म्हणतात तिला. २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले, तर डॉक्टरने नीट बसून बोलावं असा संकेत असतो. याला मशीन लागत नाही, चार-पाच मिनिटं लागतात.

दुसरी, झोपेच्या गोळीची सवय. झोप येत नाही म्हटलं की अल्प्राझोलामसारखी गोळी लिहून दिली जाते. चार दिवस बरं वाटतं, मग तिच्याशिवाय झोप येत नाही. अशा गोळ्यांची सवय लागते, आणि वयस्कर माणसं त्यांच्या गुंगीत रात्री उठताना पडतात. त्या एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, हळूहळू कमी कराव्या लागतात. नैराश्यावरच्या खऱ्या औषधांचं उलट आहे. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही, तर पेशंट आठव्या दिवशी औषध सोडतो आणि डॉक्टर बदलतो.

तिसरी, आत्महत्येबद्दल विचारायची भीती. बऱ्याच शिकाऊ डॉक्टरांना वाटतं, आपण विचारलं तर पेशंटच्या डोक्यात नसलेला विचार यायचा. असं होत नाही, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कुणीतरी शांतपणे विचारलं, याने बहुतेकांना हायसंच वाटतं.

चौथी, कायद्याचं अज्ञान. ‘पोलीस केस होईल’ म्हणून घरचे प्रयत्न लपवतात आणि काही तरुण डॉक्टरही तेच धरून बसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरावं, तिला शिक्षा नको, उपचार हवेत. मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच आरोग्य विमा मिळावा, हेही त्याच कायद्यात आहे.

दृष्टिकोन कुठून येतो?

ज्ञान पुस्तकातून भरून काढता येतं. दृष्टिकोनाचं तसं नाही. मेडिकलला जाणारं मूल आपल्याच घरातून जातं. त्याने लहानपणापासून ‘धारवाडला न्यायला पाहिजे याला’ हे वाक्य थट्टेत ऐकलेलं असतं. धारवाडचं मनोरुग्णालय आता शिकवण्याची आणि संशोधनाची मोठी संस्था झालं आहे, पण थट्टा अजून जुनीच आहे. लग्न जुळवताना ‘घराण्यात कुणाला तसलं काही नाही ना’ ही चौकशीही त्या मुलाने ऐकलेली असते. पांढरा कोट चढवला म्हणून हे आपोआप पुसलं जात नाही.

कॉलेजात त्यात भर पडते. तपासणीत काही सापडलं नाही की पेशंटवर ‘फंक्शनल’ असा शिक्का बसतो. शब्द शास्त्रीय वाटतो, पण वॉर्डात त्याचा अर्थ ‘नाटक करतोय’ असा घेतला जातो. दोन-चार आठवड्यांत विद्यार्थी जे पेशंट पाहतात ते बहुतेक तीव्र आजाराचे, दाखल झालेले, नातेवाइकांनी आणलेले. बरे होऊन कामावर गेलेले, मुलांच्या फिया भरणारे, आपल्या शेजारी नाटकाला बसणारे पेशंट त्यांना दिसतच नाहीत. मग ‘हे लोक कधी बरे होत नाहीत’ असं त्यांचं मत बनतं.

या मताचा फटका शरीरालाही बसतो. ज्याच्या फाइलवर मानसिक आजाराची नोंद आहे, त्याने पोटात दुखतंय म्हटलं तर ‘याचं नेहमीचंच’ म्हणून अपेंडिक्स किंवा हृदयविकार निसटू शकतो. म्हणून मानसोपचार घेणाऱ्या माणसाची तक्रार फॅमिली डॉक्टरने अधिक नीट ऐकायला हवी.

आणखी एक गोष्ट, जी आपण पालक म्हणून ऐकायलाच हवी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृती गटाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यांतल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. म्हणजे जो विषय ही मुलं शिकत आहेत, तो त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगावरही आलेला आहे. मूल फोनवर ‘करमत नाही, झेपत नाही’ म्हणालं आणि आपण ‘एवढी फी भरली, आता रडायचं नाही’ म्हणालो, तर ते काय शिकतं? मनाचा त्रास बोलायचा नसतो, हे. उद्या तेच डॉक्टर झाल्यावर समोरच्या पेशंटलाही न बोलता तेच सांगतं.

भाषेचा प्रश्न, जो आपल्याकडे जास्त आहे

सीमाभागात एक अडचण वेगळी आहे. मेडिकलच्या जागा देशभरातून भरतात. ओपीडीत समोर बसलेला इंटर्न कन्नड, हिंदी, तेलुगू, मल्याळी कुणीही असू शकतो, आणि खानापूर-निपाणीकडची आजी फक्त मराठी बोलते. ताप, खोकला खुणेनेही सांगता येतो. मनाचं तसं सांगता येत नाही.

आपल्या बोलण्यातले शब्द बघा. ‘जीव घाबरतो’ याचं हिंदीत ‘घबराहट’ झालं की लगेच ईसीजी. ‘अंगात त्राण नाही’ म्हटलं की सलाइन किंवा ताकदीचं इंजेक्शन. ‘पोटात गोळा येतो’ म्हटलं की ॲसिडिटीची गोळी. ‘डोकं सुन्न झालंय’, ‘कशात जीव लागत नाही’, ‘कसंतरीच होतं’ यांना तर भाषांतरच सापडत नाही. आणि ‘आता देवानं न्यावं’ हे आपण म्हाताऱ्या माणसाचं नेहमीचं बोलणं समजून सोडून देतो. बहुतेक वेळा ते तसंच असतं. पण जेवण तुटलंय, बोलणं कमी झालंय, आवडती मालिका लावायलाही कुणी सांगत नाही, आणि सोबत हे वाक्य, असं असेल तर कुणीतरी थांबून विचारायला हवं, “आजी, जगणं नकोसं वाटतं का?”

दुभाषा म्हणून बहुधा मुलगा किंवा सून असते. सासूला मुलाच्या संसाराबद्दल काही सांगायचं असेल, तर ती सुनेच्या तोंडून कशी सांगणार? किंवा सुनेला घरातल्या त्रासाबद्दल बोलायचं असेल, तर सासूसमोर कशी बोलेल? चांगला डॉक्टर अशा वेळी पाच मिनिटं घरच्यांना बाहेर बसवतो आणि मराठी जाणणाऱ्या सिस्टर किंवा मावशींना बोलावून घेतो. आपणही आपण होऊन म्हणावं, “डॉक्टर, आम्ही बाहेर थांबतो.”

बदल होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि त्याचे पुरावे आपल्या दोन्ही बाजूंना आहेत.

पूर्वेला बळ्ळारी. १९८० च्या दशकात निम्हान्सने या जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना थोड्या मुदतीचं प्रशिक्षण दिलं, मोजकी औषधं पुरवली आणि तज्ज्ञांची साथ ठेवली. साधा एमबीबीएस डॉक्टरही नेहमीचे मानसिक आजार ओळखून हाताळू शकतो, हे त्यातून दिसलं. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज तो देशातल्या ७०० हून अधिक जिल्ह्यांत पोचला आहे.

पश्चिमेला, चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथे ‘मानस’ नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ ही संस्था त्यामागे होती. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने त्यात होते. निम्म्या ठिकाणी डॉक्टरांना पेशंटच्या प्रश्नावलीचा निकाल आणि उपचारांची मार्गदर्शिका दिली. उरलेल्या निम्म्या ठिकाणी याच्या जोडीला स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेला पण प्रशिक्षित समुपदेशक दिला. तो पेशंटला आजार समजावून सांगे, पाठपुरावा करी, गरज पडली तर बोलण्यातून उपचार करी. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के पेशंट बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणी साडेबेचाळीस टक्के.

म्हणजे डॉक्टरच्या हातात निकाल आणि मार्गदर्शिका असूनही तेवढं पुरलं नाही. बोलणारं माणूस जोडल्यावर मोठा फरक पडला. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. याचं एक कारण असं असू शकतं की तिथे डॉक्टर पेशंटला, त्याच्या घराला वर्षानुवर्षं ओळखत असतो. जुन्या फॅमिली डॉक्टरची ही ताकद आहे, ती नव्या पिढीने गमावू नये.

दृष्टिकोनाच्या बाबतीतही जगभरच्या अभ्यासांतून एक गोष्ट दिसते: नुसती माहिती देण्यापेक्षा, आजारातून सावरलेल्या माणसाशी समोरासमोर बोलणं मोठ्यांची मतं जास्त बदलतं. विद्यार्थ्यांना वॉर्डाबाहेरचे, बरे झालेले पेशंट भेटायला हवेत. हे कॉलेजचं काम आहे, पण आपल्याशिवाय होणारं नाही. कारण ते बरे झालेले लोक आपल्यातच आहेत, गप्प बसलेले.

आपण काय करू शकतो?

दवाखान्यात जाताना चार गोष्टी लिहून न्या: झोप कशी आहे, भूक कशी आहे, कशात रस वाटेनासा झालाय का, आणि हे किती आठवडे चाललंय. घरात काही मोठं घडलं असेल, म्हणजे निवृत्ती, मृत्यू, मुलांचं परगावी जाणं, कर्ज, तेही लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, झोपेच्या गोळीसकट. समोर तरुण डॉक्टर असेल तर ‘हा काय सांगणार’ म्हणू नका, हे विषय त्याने जुन्यांपेक्षा जास्त शिकलेले असतात.

तपासण्या नॉर्मल आल्या, तर डॉक्टरना सरळ विचारा, “हे मनामुळे असेल का? तसं असेल तर पुढे काय करायचं?” प्रश्न तुमच्याकडून आला की बऱ्याच डॉक्टरांचाही संकोच जातो. डॉक्टरांनी तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली तर ती खिशात ठेवून देऊ नका.

टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक कुठल्याही फोनवरून, कुठल्याही वेळी लावा. त्यावर मराठी निवडता येते, म्हणजे भाषेची जी अडचण ओपीडीत येते ती इथे येत नाही. जिवाला तातडीचा धोका वाटत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा.

ज्यांची मुलं डॉक्टर होत आहेत त्यांना एक विनंती. पुढच्या फोनवर मार्क विचारण्याआधी ‘झोप होते का, जेवतोस का, मन लागतंय का’ एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मधे सल्ला देऊ नका. त्या मुलाला उद्या दवाखान्यात हेच प्रश्न आपल्यासारख्या कुणाला तरी विचारायचे आहेत, आणि ते कसे विचारायचे हे त्याने आधी घरी ऐकलेलं असलं तर बरं.